धावपट्टीवरचा वैशाख

"पाय काढ! ब्रेकवरना पाय काढ रे बावळ्या! हाई गाडी शे, बैल नही. चुचकारू नको तिले!"

शेजारच्या सीटवरून आबा, म्हणजे माझे सासरे, असे ओरडले की पलीकडे चरणाऱ्या मेंढ्यांनी माना वर केल्या. माझा पाय ब्रेकवर आहे हे त्यांनी सांगेपर्यंत मला ठाऊक नव्हतं. समोर कमरेएवढा केळीचा खांब उभा होता. त्याला चुकवायचं, एवढं एकच मला कळत होतं, म्हणून मी पापणी न हलवता त्याच्याकडेच पाहत होतो, आणि गाडी बिचारी आज्ञाधारक, मी पाहीन तिकडे जात होती. भद्द असा आवाज झाला, ओल्या पोत्यावर कुणी जाड माणूस बसावा तसा. खांब आडवा झाला, इंजिन बंद पडलं आणि सगळ्या माळावर शांतता पसरली.

"उतरा, जावईबुवा," आबा म्हणाले. "उचला."

इंजिन चालू असलं की मी 'तू' आणि बंद पडलं की 'तुम्ही'. त्या उन्हाळ्यात माझं इंजिन इतक्यांदा बंद पडलं, की सबंध खानदेशात माझ्याएवढा मान कुठल्या जावयाला मिळाला नसेल.

हे आठवायचं कारण परवाचा ट्रॅक्टर. मी आता पुन्हा धुळ्यात राहतो, माझ्या मूळ गावी. दुपारी ओट्यावर पडदा ओला करून बसलो होतो, तेवढ्यात समोरून ट्रॉली गेली, केळीच्या कापलेल्या खांबांनी गच्च भरलेली. कुणाची तरी बाग मोडली असणार. खांबांमधून पाणी गळत होतं, रस्ताभर काळपट रेघ उमटत होती आणि वैशाखाचा वारा ती उमटायच्या आत पुसत होता. मागून वास आला. कच्चा, तुरट, ओलसर. ह्या वासाला केळाचा काही गंध नसतो. केळ खाणाऱ्याला तो ओळखू येणार नाही. मला ओळखू आला, कारण एका उन्हाळ्यात मी त्या खांबांना इतक्या मिठ्या मारल्या आहेत की तेवढ्या बायकोलाही मारल्या नाहीत, आणि हे ती स्वतः चारचौघांत सांगते.

साठ आणि सत्तरच्या मधली ती सालं. मी जळगावात शाळेत भूमिती शिकवत होतो आणि सासुरवाडी दोन गल्ल्या सोडून होती. उन्हाळा आजच्यासारखाच होता, फक्त तेव्हा त्याची कुणी बातमी देत नसे. दुपारी रस्त्याचं डांबर इतकं पातळ व्हायचं की चप्पल घालून निघालेला माणूस अनवाणी घरी पोचायचा. संध्याकाळी जरा निवलं की गावभरच्या चपला रस्त्यात जागच्या जागी उभ्या दिसायच्या, शाळेची प्रार्थना चालल्यासारख्या. ज्याने त्याने आपापली ओळखून उपटून न्यायची. आमच्या गल्लीतली कोंबडी तर तेव्हा उकडलेलीच अंडी घालायची. मीठ तेवढं आपलं.

गावाबाहेरच्या माळावर सरकारने विमानासाठी एक पट्टी बांधून ठेवली होती. कधीमधी मंत्री उतरायचे, हार पडायचे, विमान परत जायचं. एरवी ती पट्टी मेंढ्यांची. पण चैत्र लागला, शेतं मोकळी झाली, कापसाच्या जिनिंगचे भोंगे बंद झाले की रविवारच्या संध्याकाळी ती पट्टी बन्सीशेठची व्हायची. बन्सीशेठ कापडाचे व्यापारी. आजोबांच्या वेळी घराणं मारवाडातून आलेलं. माणूस दुकानात मांडी घालून बसला की मूर्ती वाटावी. पण तरुणपणी मुंबईत कुठेतरी मोटारींची शर्यत पाहून आले होते आणि तेव्हापासून ती त्यांच्या अंगात होती. परवानगी कुणाची होती मला माहीत नाही. रखवालदार दर वर्षी नव्या धोतरजोडीत दिसायचा, एवढं पाहिलं आहे.

शर्यत म्हणायची नाही, असा शेठजींचा दंडक होता. "शर्यतीत माणूस दुसऱ्याला हरवतो हो. आपल्याला कुणाला हरवायचं? आपण फेऱ्या मारायच्या." ज्याच्याकडे चार चाकं असतील त्याने यायचं आणि पट्टीवर फेऱ्या मारायच्या, मोटार जेवढी पळेल तेवढी पळवून पाहायची. गावातल्या रस्त्यावर म्हशी, टांगे आणि पाहुणे. मोटार खरी काय आहे ते कळायला दुसरी जागाच नव्हती. सुरुवातीला आणि शेवटी शेठजी निशाण हलवायचे. निशाण म्हणजे कुण्या ट्रक ड्रायव्हरने दुकानात बदलायला आणलेली चौकटीची लुंगी.

पट्टी सरळसोट. दोन्ही टोकांना वळून परत यायचं, म्हणून तिथे केळीचे खांब कापून कमरेएवढे उभे केलेले असायचे, अर्धगोलात. दगड ठेवले तर मोटार फुटेल, पिंपं ठेवली तर माणूस फुटेल. केळीचा खांब नुसता पाण्याने भरलेला असतो, तो सगळं पोटात घेतो. खांब यायचे आबांच्या मळ्यातून. चोपड्याकडे तापीकाठी त्यांची बाग होती, आणि दर हंगामाला ट्रकभर खांब पट्टीवर पाठवणं हा त्यांचा मान होता.

आणि पट्टीचा नियम एकच. जो खांब पाडेल त्याने तो स्वतः उचलून जागेवर ठेवायचा. दुसऱ्याने हात लावायचा नाही, शेजारी बसलेल्याने खाली उतरायचं नाही. ऐकायला सोपं आहे. पण कमरेएवढा खांब बकरीएवढा जड असतो आणि ओल्या साबणासारखा निसटतो. त्याला छातीशी कवटाळल्याशिवाय तो उठत नाही. आणि केळीचा चीक कपड्याला लागला की संपलं. आधी दिसत नाही. तासाभराने तपकिरी होतो, सकाळी काळा होतो, आणि मग परीट बदला, साबण बदला, लिंबू चोळा, सदरा फाटेल पण डाग जाणार नाही. वैशाखात झाडून सगळे पांढऱ्या कपड्यांत. त्यामुळे रविवारी पट्टीवर कोण कसा चालला हे सोमवारी बाजारात कुणी विचारायचं कारण नसे. छातीवर लिहिलेलं असायचं.

माझा सदरा तिसऱ्या रविवारपर्यंत जिल्ह्याच्या नकाशासारखा झाला. वर्गात पाठमोरा होऊन त्रिकोण काढायला लागलो की ठीक. वळलो की पोरं एकमेकांना गावं दाखवायची. "तो बघ पाचोरा."

आता मी, एक भूमितीचा मास्तर, ज्याने तोवर सायकलही कधी उताराला सोडली नव्हती, ह्या भानगडीत कसा पडलो, तर त्याचं कारण माझी बायको कुसुम, म्हणजे आबांची थोरली मुलगी. आबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. तेव्हा तो पिकेपर्यंत डॉक्टर हात लावत नसत. पिकायची वाट पाहायची, आणि तोवर माणसाने गप्प घरात बसायचं. आबा बसणारे नव्हते. रोज सकाळी ते गाडी घेऊन स्टेशनच्या मालधक्क्यावर जायचे, केळीच्या वॅगनी भरताना उभे राहायचे, तिथून कधी मळ्यात. गाडीची चावी काळ्या दोऱ्यात ओवून करदोट्याला बांधलेली. भाड्याचा ड्रायव्हर ठेवा म्हटलं की त्यांचं उत्तर ठरलेलं, "माझ्या गाडीत परका माणूस पुढे बसेल आणि मी मागे? मी काय नवरी शे?"

फाल्गुनात एकदा ते घरी आले तेव्हा समोरच्या काचेवर, टोपीत, कानात कडब्याच्या काड्या. वारं होतं म्हणाले. मागाहून कडब्याचा गाडीवान आला तेव्हा वारं कसलं ते कळलं. आणखी एकदा कुसुम त्यांच्याबरोबर होती. आबांनी रस्त्यात गाडी उभी केली आणि हॉर्न वाजवत बसले. खूप वेळ वाजवला. मग म्हणाले, "कोणाचं वासरू शे, हलत नही."

समोर मैलाचा दगड होता.

कुसुमने ही गोष्ट मला सांगितली तेव्हा मी हसलो. ती हसली नाही. चुलीपुढून उठली, हात पुसले आणि म्हणाली, "आज दगडाला वासरू समजले. उद्या वासराला दगड समजतील. परवा कुणाच्या पोराला. अहो, तुम्ही शिका. परक्याला नाही देणार चावी. तुम्हाला देतील."

मी आबांकडे गेलो, गाडी शिकायची म्हणालो. आबांना दिसत नसलं तरी ते मूर्ख नव्हते. मला कुणी पाठवलंय ते त्यांना दारातच कळलं असणार. बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, "रविवारी पट्टीवर चला. ज्या दिवशी सदरा पांढरा राहून घरी येईल, त्या दिवशी चावी तुमची. तवर गाडी मी हाकणार, आणि कोणी मला काही बोलायचं नाही."

आबांचा स्वतःचा सदरा इतक्या हंगामांत एकदाही डागला नव्हता. हे गावात सगळ्यांना माहीत होतं. आता अर्थात ते फेऱ्या मारतच नसत, शेजारी बसून मला शिकवत. पण नाव होतं.

गाडीबद्दल सांगायला हवं. विलायती बांधणीची, दोन दारांची, उशीसारखी फुगीर, पुढे एकच सलग सीट. पोरांनी तिचं नाव बकरी ठेवलं होतं, कारण ती सुरू होताना तसा आवाज काढायची आणि चढावर तशीच मागे पाहायची. ताकद म्हणाल तर हॉर्न वाजवला की वेग कमी व्हायचा. दिवे लावले तर उभीच राहायची. पश्चिमेचा वारा समोरून आला की बकरी पूर्ण जोरात जागच्या जागी पळायची. एकदा तर वाऱ्याचा झोत आला तेव्हा आम्ही तिसऱ्या गिअरमध्ये पुढे जात जात निशाणापाशी मागे आलो, आणि शेठजींनी फेरी मोजायची की वजा करायची म्हणून लुंगी अर्धी वर धरून ठेवली.

अमळनेरचे एक वकील यायचे. त्यांची गाडी लांबलचक, पुढचं टोक पट्टीवर पोचलं तरी मागचं अमळनेरात. ते मला एका रविवारी इतक्यांदा ओलांडून गेले की आमची ओळख पक्की झाली. पहिल्यांदा जाताना त्यांनी नमस्कार केला. दुसऱ्यांदा पान दिलं. तिसऱ्यांदा चुना राहिला होता तो दिला. चौथ्यांदा थांबवून विचारलं, "मास्तर, तुम्ही येताय की जाताय?"

"शिकतोय," मी म्हणालो.

"मग बरोबर," वकील म्हणाले आणि गेले.

पहिल्या रविवारी तर आम्ही एक फेरीसुद्धा पुरी केली नाही. दोष कुणाचा म्हणाल तर भक्तीचा. गाडी पहिल्यांदा मैदानात उतरायची म्हणून माई, माझ्या सासूबाई, पोळ्याला बैल सजवावा तशी तिला सजवून बसल्या. हळदकुंकू, नारळ, चाकांखाली लिंबं हे झालंच. वर तिच्या नाकावर, जिथून इंजिनाला वारा जातो त्या जाळीवर, झेंडूचा एवढा दाट हार बांधला की मुंगीला आत शिरायला वाट राहिली नाही. दृष्ट लागू नये म्हणून त्यावर लिंबाचा पाला. पहिलं वळण येता येता बकरीच्या तोंडातून वाफ निघायला लागली आणि शिजलेल्या झेंडूचा वास सुटला. पाणी सगळं मेंढ्यांनी पिऊन टाकलेलं. शेवटी माईंनी घरून दिलेलं कैरीचं पन्हं रेडिएटरमध्ये ओतलं. त्यानंतर आठवडाभर बकरी गल्लीतून गेली की मागे वेलदोड्याचा वास यायचा आणि बायका दारात येऊन विचारायच्या, कुणाकडे बेत आहे. हार तरी कुणी काढू देईना. देवाचा आहे म्हणायचे. तो दुसऱ्या रविवारी टपावर बांधायचं ठरलं.

कमी ताकदीच्या गाडीवर शिकण्यात एक गोष्ट आहे, ती मोठी गाडी घेऊन आलेल्यांना कळत नाही. वकील वळणात चुकायचे, मग सरळ पट्टीवर जोरात दाबून चूक भरून काढायचे. माझ्याकडे दाबायला काही नव्हतं. बकरीचा जमवलेला वेग म्हणजे म्हातारीने गाठोड्यात बांधलेलं सोनं. एकदा सांडला की पुढच्या हंगामालाच परत मिळणार. त्यामुळे आबा शिकवायचे ते सगळं न सांडण्याबद्दल. "वळणाच्या आधी कासरा ओढ. वळणात शिरलास की सैल सोड. वळणात ओढशील तर बैल आडवा होईल." कासरा म्हणजे ब्रेक. ते बैलांशिवाय बोलत नसत, आणि मी बैल कधी हाकला नव्हता, त्यामुळे मला दोन्ही एकदमच शिकावे लागले. दुसरं सांगायचे ते खांबाबद्दल. "खांबाकडे नको पाहू. दोन खांबांच्या मधल्या मोकळ्या जागेकडे पाह्य. जिथं पाहशील तिथं जाशील."

हे मला महिनाभर जमलं नाही. माणसाला भीती वाटते तिकडेच त्याचे डोळे जातात. पुढे परीक्षेत पोरं चुकायची ती त्यांना पाठ असलेल्या भीतीच्या जागीच चुकायची, तेव्हा मला तो खांब दिसायचा. पण हे मागाहूनचं शहाणपण. त्या वेळी मी दर रविवारी घामाने निथळत होतो, हातांना स्टीअरिंगचा चटका बसत होता, दातांत धूळ करकरत होती. नाकात तापलेल्या पेट्रोलचा आणि फुटलेल्या केळीचा वास इतका भरलेला की घरी आमरसाचीही चव लागेना. आणि तरी सोमवारपासून मी रविवारची वाट पाहत होतो. फळ्यावर वर्तुळ काढताना खडू नकळत आतल्या बाजूने घ्यायला लागलो.

मध्येच आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आमच्याकडे तो मोठा सण. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, पुरुष पत्ते कुटतात आणि कुणी कुणाला रागवत नाही. माझ्या पानावर सांजोऱ्यांची चळत होती, आणि बाहेर निंबावरच्या झोक्यावर कुसुमच्या बहिणी नवं गाणं म्हणत होत्या, जावयाच्या सदऱ्यावर किती गावं, त्यातलं सासर कोणतं. प्रत्येक डागाला एक कडवं. गाणं संपता संपेना. आबा माझ्या शेजारी जेवत होते. सांजोरी उचलायला त्यांनी हात पुढे केला आणि तो ताटाच्या बाजूला, जमिनीवर टेकला. क्षणभर चाचपडला. मग जणू पाटच सरकवायचा होता असं करून त्यांनी पाट सरकवला. माईंनी ताट बोटभर पुढे ढकललं. कुसुमने हे पाहिलं, आणि मग माझ्याकडे पाहिलं. बाहेर बहिणी पाचोऱ्याच्या कडव्यावर आल्या होत्या.

माझे आताचे डॉक्टर म्हणतात, हल्ली मोतीबिंदू पिकायची वाट पाहत नाहीत, कच्चाच काढतात. मी म्हटलं, केळीचा घडही आम्ही कच्चाच काढतो. ते हसले, थेंब टाकले. आबांच्या वेळी ती सोय नव्हती. त्यांना थांबावं लागत होतं, आणि थांबताना जेवढं हातात आहे तेवढं धरून ठेवावं लागत होतं.

मृगाच्या अलीकडचा शेवटचा रविवार आला. पुढच्या आठवड्यात पाऊस आला तर माळाचा चिखल, मग फेऱ्या थेट पुढच्या चैत्रात. म्हणजे त्या दिवशी सदरा डागला तर आणखी वर्षभर आबा गाडी हाकणार. कुसुमने सकाळी कोरा सदरा काढून दिला. "हा आणायचाय परत," एवढंच म्हणाली.

त्या संध्याकाळी वारा पडला होता. बकरीला वेलदोड्याचं काही दुखणं नव्हतं. शेठजींनी लुंगी हलवली आणि मी निघालो. पहिल्या वळणाला आबा ओरडायला तोंड उघडतात तोवर मी ब्रेक सोडलेला होता. खांब डाव्या डोळ्याच्या कडेने गेले. मी मोकळ्या जागेकडे पाहत होतो. गाडी, आज्ञाधारक, तिकडे गेली. दुसरं वळण. पुन्हा पहिलं. वकील एकदा ओलांडून गेले, पण ह्या खेपेला पान द्यायला त्यांना जमलं नाही. आबांचं ओरडणं कमी होत गेलं आणि शेवटी थांबलं. मला आधी वाटलं मी बरोबर चाललोय म्हणून. मग तिरक्या नजरेने पाहिलं तर ते समोर पाहत होते आणि दोन्ही हातांनी गुडघे घट्ट धरून बसले होते. शेवटची लुंगी हलली तेव्हा एकही खांब पडला नव्हता.

मी इंजिन बंद केलं. आबांनी माझी छाती बोटांनी चाचपली, खिशापासून खालपर्यंत, ओल लागते का पाहायला.

"कोरडा शे," ते म्हणाले. "चांगलं झालं, जावईबुवा. आता सरका इकडे. एक फेरी मी मारतो. मग घरी तुम्ही न्या."

मला नाही म्हणता आलं असतं का? मी सरकलो. शेठजींनी आबांना स्टीअरिंगवर पाहिलं आणि लुंगी हातातच धरून उभे राहिले. मग हलवली.

खरं सांगतो, मी आयुष्यात गोष्टी फुगवून सांगत आलो आहे, पण आबांनी त्या दिवशी बकरी जशी पळवली तशी ती ना आधी पळाली ना नंतर. पश्चिमेच्या टोकाला वळताना त्यांनी ब्रेकला हातभर आधी पाय लावला, हलकेच सोडला, आणि गाडी दोरीने आखल्यासारखी वळली. ते वळण त्यांच्या अंगात होतं. इतक्या वर्षांचं. मी विसरलोच की त्यांना दिसत नाही. मग पट्टी संपत आली, पूर्वेचं टोक. सूर्य आमच्या पाठीशी होता. समोर खांब लख्ख दिसत होते, हिरवे, त्यांच्यावर केशरी ऊन. पण वकिलांनी त्या संध्याकाळी तिथला एक पाडला होता आणि उचलून ठेवताना जरा आत ठेवला होता. आबांच्या अंगातल्या वळणात तो नव्हता.

"आबा, खांब," मी म्हणालो.

"माले दखास," आबा म्हणाले. मला दिसतो.

आणि ते सरळ त्याच्यावर गेले.

एक पडला, त्याने दुसरा पाडला. गाडी थांबली. त्यांनी स्वतः इंजिन बंद केलं. लोक धावत निघाले. वकील सगळ्यांत पुढे, अस्तन्या वर करत. आबांनी दार उघडून हात वर केला. "नका येऊ," म्हणाले. "नियम शे."

सगळे होते तिथे उभे राहिले. बन्सीशेठ पाठ फिरवून लुंगीची घडी घालायला लागले, फार नीट, कोपऱ्याला कोपरा लावून. मी शेजारी बसलो होतो, मला उतरता येत नव्हतं. आबा वाकले. हाताने जमीन चाचपत पहिल्या खांबापर्यंत गेले. एकदा उचलला, निसटला. मग त्यांनी धोतराचा काचा खोवला, खांबाला दोन्ही हातांनी कवटाळलं, गाल त्याला टेकवला आणि उभा केला. नीट आहे का ते हाताने पाहिलं. मग दुसरा. त्यांच्याच मळ्यातले होते दोन्ही. वेळ लागला. मेंढ्यांच्या गळ्यातली घंटा तेवढी वाजत होती.

मग ते स्टीअरिंगच्या बाजूला आले नाहीत. बॉनेटला हात लावत, पुढून वळसा घालून माझ्या दाराशी येऊन उभे राहिले. मी आतल्या आत सरकलो. ते बसले. सदरा अजून पांढराच दिसत होता, नुसता ओला.

घरापर्यंत मी चालवली. आबा एकदाही ओरडले नाहीत. दारात गाडी उभी केली, ते उतरले, आत गेले. चावी तिथेच लटकत होती, काळा दोरा हलत होता. ती काढून घ्यावी की ठेवावी मला कळेना. कुसुम उंबऱ्यात आली. तिने माझा सदरा पाहिला, मग आत जाणाऱ्या आबांचा, आणि डोळ्याला पदर लावला. हेच तिला हवं होतं, आणि तिला ते अजिबात आवडलं नाही.

सोमवारी सकाळी मी ऊन चढायच्या आधी तिकडे गेलो. चावी रात्रभर गाडीतच होती. आबा टोपी घालून बाहेर आले, नवा सदरा, कडक इस्त्रीचा. गाडीपाशी आले, जरा थांबले, आणि डाव्या दाराशी जाऊन उभे राहिले. मी दार उघडलं.

मालधक्क्यावर केळीचे घड वॅगनीत चढत होते. गवताचा, घामाचा आणि कच्च्या केळीचा वास भरलेला. हमालांचा मुकादम, आबांच्या वयाचा, गाडी पाहून सवयीने उजव्या दाराकडे धावला. आत मला पाहून थबकला. मग वाकून पलीकडे पाहिलं.

"राम राम आबा," तो म्हणाला. "आज त्या बाजूले कसे काय बसले?"

हमाल घड खांद्यावर घेऊन तसेच उभे राहिले. आबांनी टोपी सारखी केली.

"या बाजूले ऊन लागत नही," ते म्हणाले.